दमानं घे

किस्से म्हंजी मेंढराची लोकर. कातरून मोकळं झालं म्हणावं, तर पुन्हा अंगभर आलेलीच! ग्राउंडवर जाऊन बसणाऱ्याचं तसंच होतं. मी काय खेळणारी बाई नाय. नातीबरोबर जाऊन लिंबाखाली बसायला लागले, अन् बघता बघता इतके किस्से साठले की बजाजनगरातल्या बाया गिरणीत दळण ठेवून म्हणतात, "आज्जी, पीठ होईस्तोवर एक होऊ द्या!"

आधीच सांगते, मला लिहिता येत नाय. मी बोलते, पूनम लिहिते. पूनम म्हंजी माझी नात. कॉलेजात जाते, बेसबॉल खेळते. मधीच पेन ठेवते अन् म्हणते, "आज्जी, हे नको ना." मी म्हणते, "लिही. तुझं हाय म्हणूनच लिही."

बेसबॉल म्हणलं की लोक म्हणतात, क्रिकेटचाच भाऊ असंल. भाऊ नाय, चुलतभाऊ. बॉल टप्पा न पडता अंगावर येतो, अन् मारल्यावर बॅट टाकून चौकोनात पळायचं. चौकोन पुरा करून घरी आला की एक रन. घरी येणं म्हंजीच जिंकणं! मला हा खेळ तेवढ्यावरच पटला.

पण माझे किस्से सगळे खोटं खेळणाऱ्यांचे. खरं खेळणाऱ्याच्या वाट्याला टाळ्या येतात, किस्सा येत नाय. असं मी लई दिवस म्हणायचे.

*

बाहेरगावची एक पिचर आली होती. पिचर म्हंजी बॉल टाकणारी. तिचा बॉल असा काय वळायचा की आमच्या पोरी हवेत बॅट फिरवायच्या अन् तोंड पाडून माघारी यायच्या. दर बॉलच्या आधी ती वेणीवरून हात फिरवायची. मला वाटलं, पोरीला वेणीचं लई कौतुक दिसतंय.

आमचे अंपायर सलीमभाई. वाळूजच्या कंपनीतून रिटायर झालेले, अर्धं मराठी अर्धं हिंदी बोलणारे. त्यांनी खेळ थांबवला. बॉल मागितला. नाकाला लावला.

"बेटा, ये बॉल है का चंपी?"

वेणीवर खोबरेल तेलाचा हा थर! तेलकट बोटातून बॉल सुटला की भलतीकडंच वळतो. तिचे सर भांडायला आले, "डोक्याला तेल लावणं गुन्हा आहे का?"

सलीमभाई म्हणले, "डोक्याला लावो ना सर. बॉल को कहाँ बाल हैं?"

अन् शिक्षा काय? नळाखाली डोकं धुवून ये, मग टाक! पोरगी साबणानं डोकं धुवून, केस पुसत आली. मग कशाचा बॉल वळतो! सुतासारखा सरळ येत गेला अन् आमच्या पोरी ठोकत गेल्या.

ती शिक्षा मला पटली. जिथं मळ तिथंच धुतला. ना आरडाओरडा, ना कोणाच्या आईबापाचा उद्धार.

*

एकदा पोरांची मॅच होती, लहान वयाच्या गटाची. त्यात एक पोरगा असा दणकट, की त्याच्या मिशीची सावली पडत होती. कागदावर वय बरोबर! विचारलं की म्हणायचा, "आमच्या घरात सगळेच लवकर वाढतात."

खेळ रंगात आला. तो तिसऱ्या बेसवर उभा, आता पळणार, तेवढ्यात बाहेरून एक चिमुरडं दुडुदुडु पळत आलं अन् त्याच्या पायाला मिठी मारली.

"पप्पा, मम्मी बोलावती!"

सलीमभाई त्या लेकराजवळ वाकले अन् म्हणले, "रुक जा बेटा. पहले तेरे पप्पा को आऊट होने दे."

त्या गड्याला कोणी दंड केला नाय. पण तो पुन्हा या ग्राउंडवर दिसला नाय. हसू बी एक शिक्षाच असती.

काही खोटं मात्र असं असतं की त्याच्यावर हसू येत नाय. इथून पुढचं आमच्या घरचं आहे.

*

पूनम अन् शबाना. एक बजाजनगरची, दुसरी औरंगपुऱ्याकडून स्कुटीवर यायची. लहानपणापासून ह्याच ग्राउंडवर वाढल्या. पुढं क्लब वेगळे झाले, पण डबा एकच. शबाना माझ्या हातचा ठेचा खाऊन हाशहुश करायची अन् पुन्हा हात पुढं करायची, "आज्जी, और थोडा!"

शबाना कॅचर. कॅचर बसतो बॅटवाल्याच्या मागं, उकिडवा. तो दोन गुडघ्यांच्या मधी बोटं दाखवतो. एक बोट म्हंजी सरळ टाक, दोन म्हंजी वळणाचा टाक. ते बोट पिचरला दिसतं, बॅटवाल्याला नाय. मला ह्याचं लई कौतुक वाटलं. आम्ही मेंढरंवाले. माझा बाप माळाच्या या टोकावरून नुसता हात वर करायचा अन् त्या टोकाला माझा चुलता कळप वळवायचा. तोंडातून शब्द नाय! ही पोरगी तेच करत होती.

शहरातली फायनल आली. पूनमचा क्लब अन् शबानाचा क्लब. राज्याच्या टीमसाठी पोरी निवडायला साहेब लोक आले होते. कॅचरमधी शबानाच जाणार, हे ग्राउंडवरच्या कुत्र्याला बी ठाव होतं.

अन् त्या दिवशी आमच्या पोरींनी काय मारलं! सरळ बॉल बी मारला, वळणाचा बी मारला. पूनमनं तर बॉल कुंपणाच्या पार घातला. मी लिंबाखाली उभं राहून नाचले. आमचे कोच गायके सर बाकावरून एकेकीला धीर देत होते. कधी "शाबास पोरी!" कधी "दमानं घे!" मला वाटलं, काय गुणाचा माणूस! पोरींना किती मायेनं सांगतो.

कप आमच्याकडं आला. निवड करणारा साहेब शबानाला सगळ्यांसमोर म्हणला, "तुझी बोटं सगळ्या जगाला दिसतात. कॅचरला हात झाकता यायला पाहिजे."

शबानाचं नाव गेलं. त्या दिवशी ती डब्याजवळ आली नाय. मी हाक मारली तर म्हणली, "भूक नहीं आज्जी." पूनमनं बी खाल्लं नाय. मला वाटलं, मैत्रिणीसाठी जीव तुटतोय पोरीचा. तुटत होताच. पण वेगळ्या जागी.

*

पुढची मॅच दुसऱ्याच एका टीमबरोबर. मी ठरवलं, आपण बी धीर द्यायचा! सर एकटे किती ओरडणार? पूनम बॅट घेऊन उभी राहिली. पिचरनं हात मागं घेतला. मी लिंबाखालून मेंढरं हाकायच्या आवाजात ओरडले,

"दमानं घे गं, पूनेऽऽ!"

बॉल आला सूं करत, सरळ. पूनम आपली वाट बघत थांबलेली. बॉल गेल्यावर तिची बॅट फिरली. स्ट्राइक! मारायसारखा बॉल सोडला नायतर हुकला की स्ट्राइक, असे तीन झाले की आऊट.

मला वाटलं, माझा आवाज कमी पडला. पुढच्या बॉलला अजून जोरात, "दमानं घे!" पुन्हा तेच. तिसऱ्याला बी तेच. पूनम आऊट!

तिच्या मागून आलेलीला मी "शाबास पोरी!" म्हणले. तिनं बॉल यायच्या आधीच बॅट फिरवली, अन् बॉल मागून डुलत डुलत आला. ती बी आऊट!

गायके सर बाकावरून उठून माझ्याकडं पळत आले. तोंड लालबुंद.

"आज्जी! तुम्ही तोंड उघडायचं नाय!"

"का हो सर? तुम्ही म्हणता तेच तर म्हणते मी!"

सरांनी वळून बघितलं. सगळ्या पोरी आमच्याकडंच बघत होत्या. सर वळताच एकीनं बी मान वर ठेवली नाय.

मी अडाणी आहे, पण मेंढक्याची लेक आहे. हाळी दिली की कळप वळतो, एवढं मला कळतं. अन् इथं माझ्या हाळीनं कळप भलतीकडं वळला होता.

*

त्या संध्याकाळी मी भाकरी थापत होते. पूनम चुलीजवळ, म्हंजी आता गॅसजवळ, येऊन बसली. मी काही विचारलं नाय. तवा तापला की भाकर आपसूक फुगती.

"आज्जी, 'शाबास पोरी' म्हंजी सरळ. 'दमानं घे' म्हंजी वळणाचा."

"सरांना कसं कळतं?"

"कुंपणाच्या पल्याड गच्चीवर एक माणूस मोबाईल लावून बसतो. त्याला कॅचरची बोटं मोठी करून दिसतात. तो सरांना फोनवर सांगतो."

"शबानाच्या वक्ताला बी?"

तिनं मान हलवली. मग म्हणली, "मैदानात तिची बोटं झाकलेलीच होती, आज्जी. माझ्यापेक्षा कोणाला ठाव असणार?"

भाकर तव्यावर करपली. आम्ही दोघी बघत बसलो, काढली कोणीच नाय.

सकाळी ती एकटीच सलीमभाईंकडं गेली अन् सगळं सांगितलं, स्वतःच्या नावासकट. सलीमभाईंनी नंतर मला समजावलं. मैदानात उभं राहून आपल्या डोळ्यानं बोटं ओळखली तर ती हुशारी, नियमात बसते. गच्चीवरून मोबाईलनं बघितली तर ती चोरी.

"मावशी, आँख खुदा ने दी है," ते म्हणले, "मोबाईल गायके ने दिया."

*

मग असोसिएशनच्या हापिसात बैठक झाली. पोरींच्या घरच्यांना बोलावलं म्हणून मी बी गेले. आमच्या पोरी भिंतीला लागून उभ्या. साहेब लोक खुर्च्यांवर. गायके सर बी खुर्चीवर. चहा आला. साहेबांना, सलीमभाईंना, अन् सरांना.

अध्यक्षसाहेबांनी निकाल सांगितला. कप परत घ्यायचा. सगळ्या पोरी एक सीझन बाहेर. गायके सरांनी मन मोठं करून माफी मागितली, म्हणून त्यांना समज देऊन सोडलं.

मला राहवलं नाय. म्हणले, "साहेब, एक विचारू का? तुमच्या गावाला कोंडवाडा होता का?"

"काय?"

"कोंडवाडा. माझं माहेर देवगाव रंगारीकडलं. दुसऱ्याच्या पिकात ढोर सापडलं की त्याला कोंडवाड्यात घालायचे. दिवसभर उपाशी हंबरायचं बिचारं. आमच्यातला एक गडी म्हैस मुद्दाम लोकांच्या ज्वारीत सोडायचा. म्हैस कोंडवाड्यात, अन् हा चावडीवर चहा पीत! म्हशीला काय ठाव रान कोणाचं? दोर कोणी सोडला?"

अध्यक्ष हसले. "आज्जी, हा खेळाचा नियम आहे. मेंढराढोरांचा नाही."

"ढोरांचाच लावला की तुम्ही! ढोरं भिंतीला, धनी खुर्चीला!"

कोणीतरी खोकललं. सलीमभाईंनी पुढ्यातला चहा न पिता बाजूला सरकवला.

मी म्हणले, "पोरींना सोडा म्हणत नाय मी. माझी नात म्हैस नाय. तिला ठाव होतं रान कोणाचं. तिला कोंडा. पण दोर सोडणाऱ्याला आधी कोंडा. अन् अजून एक. कोंडवाड्याचा दंड पंचायतीत जायचा. ज्याची ज्वारी खाल्ली, त्याला कणीस बी मिळायचं नाय. ज्या पोरीची जागा गेली, तिचं काय करता?"

अध्यक्षांनी कागद चाळले. "ती निवड पूर्ण झाली आहे. त्यात आता बदल नाही."

म्हंजी पीक गेलं ते गेलंच! शबाना दाराशी उभी होती. तिला बी बोलावलं होतं, पण विचारलं काहीच नाय. ती पूनमकडं न बघता निघून गेली. खाली स्कुटी सुरू झाल्याचा आवाज आला.

गायके सरांनी कप खाली ठेवला अन् म्हणले, "चहा मस्त होता."

*

पुढचा सीझन वाईट गेला. बाहेर पडलेल्या पोरींनी पूनमचं नावच टाकलं. गिरणीत एकीच्या आईनं मला गाठलं.

"आज्जी, तुमच्या पूनमनं आमच्या पोरीचं वाटोळं केलं! तोंड बंद ठेवलं असतं तर काय बिघडलं असतं?"

पीठ गरम होतं. मी डब्याचं झाकण लावलं नाय. म्हणले, "गरम पिठावर झाकण लावलं की घाम सुटतो बाई, अन् सगळं पीठ नासतं."

ती गेली, पण त्या दिवसापासून कोणी मला किस्सा सांगा म्हणलं नाय.

पूनमला खेळायला बंदी, ग्राउंडवर यायला नव्हती. ती रोज यायची अन् फक्की मारायची. फक्की म्हंजी चुन्याची पांढरी भुकटी, तिनं मैदानाच्या रेषा आखतात. बॅटवाल्याची चौकट, पळायच्या रेषा, सगळं वाकून वाकून आखायची. कोणी सांगितलं नव्हतं.

अन् शबाना काय करायची? प्रॅक्टिसला आली की सरळ त्या चौकटीवर जायची अन् बुटानं रेष पुसायची. भांडण नाय, शब्द नाय. टाचेनं फरकन पुसायची अन् मास्क घालून खाली बसायची. पूनम फक्कीचा डबा घेऊन यायची, रेष पुन्हा आखायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच!

माझा जीव तळमळला. सलीमभाईंना म्हणले, "सांगा की त्या पोरीला! किती दिवस पुसायचं?"

ते म्हणले, "मावशी, रहने दो. बातचीत चालू हाय दोघींची."

गायके सरांचं म्हणाल तर त्यांनी दुसऱ्या भागात क्लब काढला. पोरी जातात. आईबाप म्हणतात, कडक आहेत पण रिझल्ट देतात. मी एकदा रिक्षातून तिकडून चालले होते, भिंतीपल्याडून त्यांचा आवाज आला, "शाबास पोरी!" मी रिक्षावाल्याला म्हणले, "बाबा, जरा जोरात घे."

*

बंदी उठली. पहिल्या दिवशी प्रॅक्टिसची मॅच होती, कपाबिपाची नाय. पूनम बॅट घेऊन आली तेव्हा तिच्याच टीमच्या पोरी दुसरीकडं बघत होत्या. चौकट तिनंच सकाळी आखली होती. ती त्यात उभी राहिली. मागं कॅचर शबाना. मास्कमधून तोंड दिसंना.

सलीमभाईंनी हात केला. शबाना बोटं दाखवायला खाली बसलीच नाय. उभ्यानंच, सगळ्या ग्राउंडला ऐकू जाईल असं म्हणली,

"शाबास पोरी!"

पिचरनं टाकला. बॉल सरळ आला, अगदी बॅटसमोरून. पूनमनं बॅट हलवली नाय. खांद्यावर तशीच.

"स्ट्राइक!" सलीमभाई म्हणले.

शबानानं बॉल परत फेकला. पुन्हा मोठ्यानं,

"दमानं घे!"

बॉल वळत आला. लेकरानं बी मारावा असा. पूनम दगडासारखी उभी.

"स्ट्राइक!"

आता एकच राहिला. शबाना थांबली. मग खाली बसली, उकिडवी. ग्लोव्ह गुडघ्याला लावून हात झाकला अन् आत बोटं दाखवली. किती, ते पिचरला ठाव अन् तिला ठाव. तोंडातून शब्द नाय.

पिचरनं मान डोलवली. बॉल सुटला.

अन् पूनमची बॅट फिरली. असा आवाज आला की लिंबावरचे कावळे उडाले. बॉल पिचरच्या डोक्यावरून, पोरींच्या डोक्यावरून, पार कुंपणाकडं. सगळे बघतच राहिले. पूनम बी. बॅट हातात धरून ती तिथंच, स्वतः आखलेल्या चौकटीत, बॉलकडं बघत उभी. पळायचंच विसरली!

शबानानं मास्क उपटून फेकला अन् ओरडली,

"भाग ना, पगली!"